१८१८ साली न्यायची शिदोरी

सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्यावर ज्या वस्तू उतरल्या, त्यांपैकी दोन वस्तूंच्या पुढच्या प्रवासाचा मी गेले काही दिवस विचार करतो आहे, तो काळात मागे जाता आले तर सोबत काय न्यावे, या प्रश्नापायी. त्यांतली एक मिरची आणि दुसरी छापखाना. अमेरिकेतून आलेली मिरची घाटवाटांनी वर चढली आणि देशावरच्या मातीत अशी रुजली की, आज आमच्या हुक्केरी तालुक्यातले संकेश्वर मिरचीच्या नावानेच सर्वदूर ओळखले जाते आणि मिरी-पिंपळीवर तिखटाची हौस भागवणारे स्वयंपाकघर कसे असेल, याची कल्पनाही कोणाला करता येत नाही. छापखाना मात्र घाटाखालीच राहिला. भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ साली चालू झाला. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण तिकडेच छापले गेले, पण तेही रोमन लिपीत. बेळगावहून गोवा म्हणजे बैलांच्या तांड्याला काही दिवसांची वाट. तरीही मराठी पुस्तक आपल्या अक्षरांत छापले जायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले, आणि तेव्हाही १८०५ चे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले ते दूर बंगालमधल्या श्रीरामपूरला.

हा फरक का पडला, याचे उत्तर मला पुरेसे स्पष्ट दिसते. मिरचीला कोणाची परवानगी लागत नव्हती. एखाद्या बाईने चार मिरच्या वाळवून त्यांचे बी परसात टाकले की पुढच्या हंगामात ते शेजारणीकडे जात होते. छापखान्याला मात्र खिळे पाडणारा कारागीर, शिसे, शाई, कागद, पुस्तक विकत घेणारा वाचक आणि हा सगळा खर्च सोसणारा धनी एकाच वेळी एकाच ठिकाणी लागत होता, आणि यांतले एक जरी नसले तरी बाकीचे सगळे निरुपयोगी ठरत होते. म्हणून काळात मागे जाणाऱ्या माणसाने सोबत काय न्यावे, हा प्रश्न माझ्यापुढे आला तेव्हा मी तो घाटाच्या मापाने मोजला. जी गोष्ट देणाऱ्याच्या पाठीमागे स्वतःच्या बळावर घाट चढून जाईल, तीच नेण्याजोगी.

प्रश्न माझ्यापुढे आणला तो नववीच्या मुलांनी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मुलांची पहिली यादी अपेक्षेप्रमाणेच होती: मोबाईल, बॅटरी, बंदूक, मोटारसायकल. मोबाईलचे नाव निघताच मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, रेंज कुठली मिळणार ओ तिथं?" आणि तिच्या एका वाक्याने निम्मी यादी कटाप झाली. मोटारसायकलला पेट्रोल हवे, पेट्रोलला शुद्धीकरण कारखाना हवा, कारखान्याला पोलाद हवे. प्रत्येक यंत्रामागे अशी लांबलचक रांग उभी असते आणि ती पिशवीत मावत नाही. बंदुकीविषयी मी वर्गात जे बोललो तेच इथे लिहितो: त्या काळात माणसे मारण्याच्या साधनांची उणीव कधीच नव्हती.

औषधांची सूचना मात्र विचार करण्याजोगी होती, कारण पेनिसिलिनच्या गोळ्यांनी भरलेली एक बॅग ही कोणालाही सर्वांत मोलाची भेट वाटेल. या बाबतीत १९४१ सालची ऑक्सफर्डची घटना मी मुलांना सांगितली. अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला जंतुसंसर्गाने ग्रासले होते, चेहऱ्यावर आणि डोक्यावर गळवे झाली होती, एक डोळा काढावा लागला होता. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्याला पेनिसिलिन टोचले गेले आणि एका दिवसातच त्याचा ताप उतरू लागला, त्याला भूक लागू लागली. परंतु जगात त्या वेळी असलेला साठाच इतका थोडा होता की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले औषध गाळून पुन्हा त्यालाच टोचण्याची वेळ आली. पाच दिवसांत तेही संपले. आजार उलटला आणि मार्चमध्ये तो दगावला. ज्यांनी ते औषध तयार केले, त्यांच्याच प्रयोगशाळेच्या दारात असे घडले. मग परक्या काळात बॅग घेऊन गेलेल्या माणसाचे काय होणार? पहिल्या पंधरवड्यात काही जीव वाचतील, त्यानंतर रिकाम्या बॅगेसमोर लोक हात जोडून उभे राहतील आणि त्यांना देण्यासारखे त्याच्यापाशी काहीच नसेल. साठा घाट चढत नाही.

दुष्काळाचा विचारही मी करून पाहिला, कारण आमच्या अथणी-गोकाकच्या बाजूला तो विचार टाळता येत नाही. रताळी, मका, बटाटा यांचे बियाणे चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आधी काही पिढ्या इथे पोहोचवता आले असते तर कदाचित उपयोग झाला असता. बेळगावच्या पश्चिमेकडच्या तांबड्या जमिनीत रताळी किती सहज येतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण पावसाने सलग पाठ फिरवली की कोणतेही बियाणे हतबल होते. शिवाय १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात तर देशातून धान्याची निर्यात चालूच होती. तिथे कमतरता बियाण्याची नव्हती, आणि सरकारची इच्छा बदलण्याचे साधन माझ्या पिशवीत नाही.

त्यामुळे मी वर्ष निवडले ते १८१८. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेपुढे बेळगावचा किल्ला पडला आणि त्याच वर्षी पेशवाईही बुडाली, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसते ते असे की, आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये बंगालमधल्या जेसोरला उसळलेली पटकी फौजांच्या तळांबरोबर, व्यापाऱ्यांबरोबर आणि यात्रेकरूंबरोबर चालत १८१८ मध्येच दख्खनमध्ये उतरली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत पोहोचली. आज आपण जिला कॉलरा म्हणतो, तीच ही पटकी. इथल्या गावांच्या वेशीवर साथरोगांची देवी मानल्या जाणाऱ्या मरगाईची देवळे आहेत. त्या देवळांपुढे अशा साथीत किती आया पदर पसरून उभ्या राहिल्या असतील, हा विचार मनात आला की मला दुसरे कोणतेही वर्ष निवडवत नाही.

कॉलऱ्याचा रोगी मरतो तो पाण्यावाचून. जंतूचे विष आतड्याच्या पेशींना शरीरातले पाणी आणि क्षार बाहेर टाकायला लावते. तीव्र आजारात तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळपर्यंत संपू शकतो. उपचार न मिळालेल्या अशा तीव्र रोग्यांपैकी निम्म्यापर्यंत दगावतात, तर गेलेले पाणी वेळेवर भरून काढले तर शंभरातला एकही जाऊ नये, अशी आजची स्थिती आहे. असे असताना त्या काळचे गोरे डॉक्टर काय करत होते? ते रोग्याची शीर तोडून रक्त काढत, पाऱ्याचे कॅलोमेल देत आणि अफूचा अर्क पाजत. पाणी कमी पडून मरणाऱ्या माणसाचे रक्तही काढून घेतले जात होते. घरोघरीही उलटी होते म्हणून पाणी तोडण्याकडेच कल असे, कारण पाजलेले पाणी लगेच बाहेर पडताना डोळ्यांना दिसत असे आणि आत मुरलेले दिसत नसे.

नुसते पाणी पाजूनही भागत नाही, नुसते मीठपाणी पाजूनही नाही. आतड्याच्या पेशीत एक असा दरवाजा आहे की त्यातून मिठातले सोडियम आणि ग्लुकोज हे दोघे जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरते. ही गोष्ट रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. कॉलऱ्याचे विष आतड्यात एवढा उत्पात माजवते, पण या दरवाजाला हात लावत नाही. म्हणजे मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात पाण्यात घालून पाजली, तर जुलाब चालू असतानाही शरीर ते पाणी ओढून घेते. मला या विषयात सर्वांत हलवून सोडणारी गोष्ट हीच वाटते. मीठ कोकणातल्या मिठागरांतून बैलांवर लादून येतच होते. ऊस आणि गूळ आपल्याकडे किती जुना आहे, ते सांगायला नको. पाणी, चूल आणि भांडेही घरात होते. १८१८ च्या प्रत्येक स्वयंपाकघरात औषधाचे सगळे घटक हाताच्या अंतरावर ठेवलेले होते आणि घरातला माणूस मरत होता. तिथे नव्हते ते केवळ प्रमाण.

या प्रमाणाची खरी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या युद्धात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि सीमेवरच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनोबिस यांच्याकडची शिरेतून देण्याची सलाइन संपत आली, तेव्हा त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे करवून घेतली, मोठ्या पिंपांत पाणी कालवून त्यांना तोट्या बसवल्या आणि रोग्यांच्या नातेवाईकांनाच सांगितले की, इथून भरून न्या आणि पाजत राहा. छावणीतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत गेले होते. त्यांच्या देखरेखीखालच्या रोग्यांत ते ३.६ टक्क्यांवर आले. सुई नाही, नर्स नाही, आई मुलाला पाजते आहे आणि मूल जगते आहे. महालनोबिस २०२२ साली गेले आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले. शाळेच्या भिंतीवर ज्यांची चित्रे लावावीत अशा माणसांत मी त्यांना धरतो.

त्याहूनही माझ्या कामाला येणारा धडा बांगलादेशातच पुढे १९८० ते १९९० या काळात गिरवला गेला. 'ब्रॅक' या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि एक कोटीहून अधिक घरांतल्या बायकांना त्यांनी हे पाणी करायला शिकवले. त्यांनी तिथे वजनकाटा नेला नाही. तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढे मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी, असे माप ठरवले. शिवाय कार्यकर्तीचा मोबदला तिने किती घरे फिरली यावर ठरत नव्हता, तर महिनाभराने तपासनीस गेल्यावर त्या बाईला किती मुद्दे आठवतात आणि तिने कालवलेले पाणी योग्य निघते का, यावर ठरत होता. शिक्षक म्हणून मला या पद्धतीचा हेवा वाटतो.

गूळ तर आमच्या भागात मुबलक होताच, पण खानापूरच्या जंगलपट्टीत, जिथे गूळ विकत आणणे सर्वांना परवडले नसते, तिथे पेज होती. तांदळाची पातळ पेज मीठ घालून दिली तर तीही हेच काम करते, कारण तांदळातला स्टार्च पोटात गेल्यावर सावकाश ग्लुकोजच सोडतो. तांदळापासून केलेल्या अशा द्रावणाचे प्रयोगही पुढे झाले आणि कॉलऱ्यात ते गुणकारी ठरले. लहानपणी ताप आला की आजी पितळेच्या वाटीत पेज ओतून, वर मिठाचा खडा टाकून, तो बोटाने विरघळवून द्यायची. ती वाटी काठापर्यंत भरलेली असे आणि "ही संपल्याबगर उठायचं न्हाई" असा तिचा हुकूम असे. तिच्या पणजीलाही पेज येत होती. त्या पणजीला एवढेच सांगायचे आहे की पटकी झालेल्या माणसाला हीच पेज आणखी पातळ करून, उलटी झाली तर थोडे थांबून, पुन्हा पुन्हा, दिवसरात्र पाजत राहा.

मिठाचे प्रमाण मात्र जपावे लागते. ते जास्त झाले तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, आणि १८१८ चे मीठ म्हणजे आजची पिशवीतली बारीक पूड नव्हे. जाड, ओलसर, कमी-अधिक मातकट खडे. शेराचे मापही त्या काळी प्रांताप्रांतात निराळे होते. म्हणून मापाइतकीच चवीची खूण महत्त्वाची आहे: पाणी आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. ही खूण आजही आरोग्यसेवक सांगतात. डोळ्यांतले पाणी ओठांवर आल्यावर कसे लागते, हे कोणत्याही काळातल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट लुगड्याची. कॉलऱ्याचे जंतू तळ्यानदीच्या पाण्यातल्या बारीक जलचरांना चिकटून राहतात. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत असा प्रयोग केला की, बायकांनी जुन्या सुती साडीच्या घड्या करून त्यांतून पाणी गाळावे. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत कॉलऱ्याचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले होते. कापड जितके वापरलेले तितके चांगले, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे पिंजारतात आणि मधली छिद्रे लहान होतात. आमच्या शहापूर-वडगावच्या मागांवर विणलेले लुगडे पहिल्यांदा सणाला नेसले जाते, मग रोज नेसले जाते, मग त्याची गोधडी किंवा बाळोती होतात. तो गोधडीच्या वयाला आलेला तुकडा आठ पदरी होईल असा दुमडायचा, घागरीच्या तोंडावर ताणून बांधायचा, पाणी ओतायचे आणि नंतर तो उलटा करून स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात वाळत घालायचा. एवढे केल्यावर पाणी उकळले तर उत्तमच. सरपण नसेल त्या दिवशीही निदान हे करता येते. अरुंद तोंडाच्या सुरईत पाणी साठवले तर त्यात हात बुडत नाही आणि घरातल्या घरात रोग पसरणे कमी होते, हे कलकत्त्याच्या वस्त्यांत १९८० च्या दशकात दिसून आले. खानापूरच्या कुंभारांना तशी सुरई घडवायला माझी शिकवणी नको, मागणी पुरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. १८१८ साली मी कालवलेले पाणी अनेक घरांत कोणी प्यायले नसते. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, यावर तो समाज बांधलेला होता. मरणाच्या दारातही ते बंधन सुटले असते, असे मला वाटत नाही. ज्यांना विहिरीवर चढूच दिले जात नव्हते, त्यांना तर ओढ्याचे, डबक्याचे, सर्वांत वाईट पाणी वाट्याला येत होते आणि साथीत त्यांच्या वस्त्या आधी ओस पडत असणार. हे सगळे एका माणसाला एका वर्षात बदलता येणार नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. परंतु म्हणूनच तयार औषधापेक्षा प्रमाण नेणे श्रेयस्कर ठरते. प्रमाणाला विटाळ नाही. ते महारवाड्यातली आई आपल्या मडक्यातल्या पाण्यात, आपल्या घरातल्या मिठाने अमलात आणू शकते आणि वाड्यातली आई आपल्या. लुगड्याची गाळणीही मी आधी गावकुसाबाहेर शिकवीन, कारण तिची गरज तिथे अधिक आहे.

मग हे सांगायचे कोणाला? दरबारात जाऊन उपयोग नाही, वैद्यांच्या सभेतही नाही. व्हिएन्नाच्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण एप्रिलमधल्या अठरा टक्क्यांवरून जूनमध्ये दोन टक्क्यांच्या आसपास आणून दाखवले. पदवी, पद आणि आकडे या तिन्ही गोष्टी त्यांच्यापाशी होत्या, तरीही बहुसंख्य मान्यवरांनी त्यांचे म्हणणे झिडकारले. परक्या काळातून आलेल्या, धड त्या काळची बोलीही न येणाऱ्या माणसाचे कोण ऐकणार? म्हणून मी सुईणीकडे जाईन. तिला प्रत्येक आळीत प्रवेश असतो, तिच्या शब्दाला बायकांत वजन असते आणि पाजण्याचे काम शेवटी बायकाच करतात. जाताजाता तिला नाळ कापायचा विळा उकळत्या पाण्यात बुडवून काढायला आणि हात राख लावून धुवायला सांगता आले, तर बाळांच्या धनुर्वातावरही थोडा बंदोबस्त होईल.

कागदावर लिहून ठेवले तर ते मोडीत लिहावे लागेल आणि वाचणारे कुलकर्ण्याच्या घरापलीकडे फारसे असणार नाहीत. त्या काळात घरोघर चालणारे, न विसरता पुढच्या पिढीकडे जाणारे एकच पुस्तक होते आणि ते जात्यावर गायले जात होते. तेव्हा माझे प्रमाण मी ओवीत बांधून नेईन. बरेच शब्द फिरवून पाहिल्यावर सध्या ती अशी झाली आहे:

उकळून निवलं पाणी, अच्छेर गं मापाचं
मूठभर गूळ त्यात, मीठ तीन बोटांचं

आसवांहून खारट, होऊ देऊ नको बाई
घोट घोट पाज त्याला, उलटीला भिऊ नाही

अच्छेर म्हणजे अर्धा शेर. ओवी म्हणून ती थोर नाही, पण जात्याच्या फेऱ्यात नीट बसते आणि क्रम चुकू देत नाही: आधी उकळणे, मग निववणे, मग गूळ, मग मीठ, मग चव, मग पाजणे. कन्नड गावांसाठी तिथल्या बायकांच्या त्रिपदीत हेच बसवायला हवे. ते काम मी माझ्या कन्नड शिकवणाऱ्या सहकारी बाईंकडे सोपवले आहे, आणि त्यांनी तीन ओळींत सगळे बसवण्याचा प्रयत्न चालवला आहे. निपाणीपासून सौंदत्तीपर्यंत एकाच भाषेवर अवलंबून राहून हे काम पुरे व्हायचे नाही.

स्वतःहून पसरणाऱ्या गोष्टी नेताना भीतीही बाळगली पाहिजे, कारण त्या परत बोलावता येत नाहीत. मिरचीच्याच वाटेने तंबाखूही आली. मोगल सरदार असदबेग विजापूरच्या दरबारातून ती घेऊन गेला आणि सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने ती अकबरापुढे ठेवली. जहांगीरने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली, तोवर फार उशीर झाला होता. आमच्या निपाणी भागाची कित्येक वर्षे तिच्यावर उभी राहिली, १९८१ चे शेतकरी आंदोलन तिच्याच भावासाठी झाले, विड्या वळणाऱ्या हजारो बायकांच्या चुली तिच्यावर पेटल्या आणि तिनेच किती छात्या पोखरल्या, तेही आम्ही पाहतो आहोत. असे दुधारी काही माझ्या हातून मागे जाऊ नये. मीठ-गुळाच्या पाण्याचा दुरुपयोग करता येत नाही, हा त्याचा फार मोठा गुण आहे.

जाणाऱ्याच्या अंगातले जंतू हा दुसरा धोका. १५२० साली देवीची साथ मेक्सिकोत पोहोचली, तेव्हा तिथल्या माणसांच्या शरीराला तिची ओळखच नव्हती आणि त्यांचा अतोनात संहार झाला. आपल्यासाठी साधा सर्दी-खोकला असलेला एखादा नवा विषाणू १८१८ च्या माणसांना तसाच अनोळखी असेल. तेव्हा गावात शिरण्यापूर्वी काही आठवडे रानात एकटे राहणे बंधनकारक मानले पाहिजे. उलट बाजूने, प्रवाशाला तिथल्या देवीपासूनही जपावे लागेल. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज मुले खेळतात, तिथे एके काळी देवीची लस तयार होत असे. ती पिढी दंडावर व्रण घेऊन वावरली. माझ्या पिढीनंतर कोणाला टोचावेच लागले नाही, म्हणजे १८१८ ला निघणाऱ्या आजच्या तरुणाच्या अंगात देवीला तोंड देण्याची काहीच शक्ती नाही.

जागा मात्र मी ठरवली आहे. सौंदत्तीच्या डोंगरावर मार्गशीर्षाच्या पुनवेला यल्लम्मादेवीच्या यात्रेसाठी कोल्हापूरपासून धारवाडपर्यंतच्या गावांतून माणसे येतात, आणि जिथे इतकी माणसे एका पाण्यावर जमतात तिथूनच अशी साथ गाड्यांबरोबर गावोगाव परतत असते. त्याच गाड्यांतून ओवीही परतू शकते. सुईणीच्या ओळखीने मी वेगवेगळ्या दिशांच्या गावांतल्या काही बायका गाठीन, तळावरच चूल मांडून प्रत्येकीकडून एकदा पाणी कालवून घेईन आणि ते तिलाच चाखायला लावीन. जिला चव जमली तिने गावी गेल्यावर दोघींना शिकवायचे, आणि त्या दोघींनी कालवलेले पाणी तिने स्वतः चाखून पाहायचे, एवढा शब्द तिच्याकडून घेतल्याशिवाय तिची गाडी जुंपू द्यायची नाही.